मुठीपुढची पितळी पट्टी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला यातलं अर्धं माहीत होतं, आणि ते अर्धं ती बरोबर घेऊन गेली. उरलेलं माझ्यापाशी राहिलं — आणि तसंच राहिलं असतं, कारण मी पश्चात्तापाने पोळलेला वगैरे माणूस नाही. मी चिडलेला माणूस आहे. चिडलो म्हणून लिहायला बसलो.

कशावरून चिडलो? ऐका. परवा आमच्या मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी चार-सहा मुलांना माझ्यापुढे आणून उभं केलं. कलकत्त्यात वाढलेली मुलं, मराठी धड येत नाही, मला आजोबा म्हणायच्या ऐवजी 'दादू' म्हणतात. बाई त्यांना म्हणाल्या, हे आपटेआजोबा, यांनी आयुष्यात कधी दारूचा थेंब घेतला नाही आणि कधी खोटं बोलले नाहीत, यांच्या पाया पडा. मुलं वाकली. आणि मी — मी आशीर्वाद दिला! हात आपोआप वर गेला, सवयीने. सॉल्ट लेकला घरी येईपर्यंत माझ्या अंगाची अशी लाही लाही झाली होती की टॅक्सीवाल्याशी मी काही कारण नसताना भांडलो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? त्याने फक्त मीटर पाडलं होतं.

त्या बाईंचाही दोष नाही. त्यांनी जे ऐकलं तेच त्या बोलल्या. पण इतकी वर्षं हे ऐकत आलोय मी — आपटे म्हणजे निर्व्यसनी, आपटे म्हणजे स्पष्टवक्ता. यातलं पहिलं खरं आहे. मी दारू घेत नाही. आणि नेमकं तेच पुढे करून मी एका माणसाचं — थांबा. एकदम नाही सांगता येणार. सुरीपासून सुरुवात करतो. सुरीचं सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. डमडमच्या एका कारखान्यात मी टूलरूमचा इंजिनियर होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्या कारखान्याने काही केलं नाही, जे केलं ते मी केलं. भिंती घोषणांनी भरलेल्या, संध्याकाळी कुठे बॉम्ब फुटला की दुकानांच्या फळ्या धडाधड लागायच्या, बायको दारात उभी राहून वाट बघायची. आणि या सगळ्यात आमचे वर्क्स मॅनेजर सरीनसाहेब दर हिवाळ्यात शिकारीला जायचे! तेव्हा परवाना काढून हरीण मारता येत असे, कायदा नंतर आला. सिंहभूमच्या बाजूला एक लाकडाचा ठेकेदार होता, आमच्या कारखान्याला खोक्यांची फळकुटं पुरवायचा. त्याच्या जंगलातल्या तळावर साहेब पाहुणे म्हणून जायचे, आणि बरोबर मर्जीतले तीन-चार अधिकारी. त्या तीन-चारांत जो गेला त्याचं कारखान्यात बरं चालायचं, हे शिपायालाही माहीत होतं.

मला त्या तीन-चारांत जायचं होतं. का म्हणून विचारू नका, लाज वाटते. मी कोकणस्थ ब्राह्मण, घरी अंडंसुद्धा आणत नव्हतो. बंदूक धरता येत नव्हती. ते लोक रात्री रम घेऊन बसायचे, मी घेत नव्हतो. मग माझ्याजवळ त्यांना देण्यासारखं होतं काय? एके दिवशी साहेब जेवणाच्या सुट्टीत तक्रार करत होते की गेल्या वेळी चितळाची कातडी सोलताना बाजारच्या सुरीने भोकं पाडून ठेवली, कातडं वाया गेलं. मी ताडकन म्हणालो, सर, मी बनवून देतो सुरी.

मला सांगा, ज्या माणसाने जन्मात कोंबडीला हात लावला नाही, त्याने हे बोलावं? पण बोललो. आणि खरं सांगतो, मन लावून केली ती सुरी. पॉवर हॅकसॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या यंत्रकरवतीचं, झिजलेलं पातं घेतलं — त्या पोलादाची धार लवकर जात नाही. सहाणेवर घासताना दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवत होतो, तापून पोलादाचा कडकपणा उतरू नये म्हणून. साहेबांकडे परदेशी मासिकं होती, त्यातली चित्रं बघितली. पातं आखूड, धारेच्या बाजूला पोट आलेलं, म्हणजे कातडं ओढत ओढत सुटतं; टोक बोथट आणि खाली झुकवलेलं, म्हणजे आतडी फुटत नाहीत. मुठीला शिसवी लाकूड, पितळी रिबिटं. मुठीवर लाखेचं पॉलिश इतकं चढवलं की तोंड दिसावं. सगळा आकार एका ओघात आला होता, मुठीपासून टोकापर्यंत कुठे अडत नव्हता. मी ती सुरी रुमालात गुंडाळून खिशात घेऊन फिरत असे, आणि हळूच काढून बघत असे.

परितोषला दाखवली. परितोष सान्याल — आमच्या ड्रॉइंग ऑफिसातला ड्राफ्ट्समन. आमच्या वयात फारसं अंतर नव्हतं, पण तो मला 'आपटेदा' म्हणायचा. त्याचं अक्षर बघायला दुसऱ्या खात्यातले लोक यायचे. शाईने ट्रेसिंगवर रेघ ओढायचा ती सुरू कुठे झाली आणि संपली कुठे ते कळायचं नाही. कलकत्त्यात माझा मित्र म्हणावा असा तोच एक. मासे खाणारा, गाणं म्हणणारा, आणि दारूला न शिवणारा. त्याच्या काकाने पूर्व बंगालात असताना दारूपायी घर विकलं होतं, म्हणून वडिलांची घरात सक्त ताकीद होती. परितोषला ती ताकीद कधी जाचली नाही. त्याला दारूचा वासच सहन व्हायचा नाही.

त्याने सुरी हातात घेतली, फिरवून बघितली, वाहवा केली. मग मूठ संपून पातं सुरू होतं तिथे बोट ठेवलं. "आपटेदा, एखाने एकटा किछु दाओ। हात आटकाबे।" इथे काहीतरी लाव, हात अडेल. म्हणाला, आई मासा कापायला बसते तेव्हा हाताला राख लावून घेते, नाहीतर हात सटकतो. आणि हरणाला तर केवढी चरबी.

इतकं साधं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, पट्टी लावली तर आकार मोडेल. म्हणालो, परदेशातल्या चांगल्या सुऱ्यांना नसते. हे धडधडीत खोटं होतं, पट्टी असलेल्या सुऱ्याही चित्रांत बघितल्या होत्या मी. शिवाय म्हणालो की मी चाचणी घेतली आहे. चाचणी! कशावर घेतली ठाऊक आहे? घरी दुधी सोलून बघितला. मग एक जुनी चामडी बॅग फाडली, सायकलची ट्यूब कापली. कोरड्या, धुतलेल्या हातांनी. नाक्यावर खाटकाचं दुकान होतं, त्याच्याकडून चरबीसकट बकऱ्याच्या कातड्याचा एक तुकडा आणला असता तर तिथल्या तिथे समजलं असतं. पण खाटकाच्या दुकानापुढे मला कुणी बघितलं तर? मंडळात बोभाटा झाला तर? हरीण सोलायची सुरी बनवायला मला लाज वाटत नव्हती, खाटकापुढे उभं राहायला वाटत होती. असल्या सोवळ्याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

साहेबांना सुरी पसंत पडली, मला बोलावणं आलं. पण सुरी चालवून कोण दाखवणार? मी तर त्या धडाला हात लावणार नव्हतो. मी परितोषला गळ घातली. लहानपणी मामाच्या घरी कालीपूजेचे बोकड सोलताना तो मदत करायचा, त्याला काम येत होतं. त्याला शिकारीची हौस नव्हती, साहेबांच्या मर्जीची तर मुळीच नव्हती. केवळ माझ्यासाठी आला तो. सुरी माझी आणि हात त्याचा, असं ठरलं.

तळावर पहिल्या रात्री बाकीचे पीत बसले. आम्ही दोघं बाजूला चहा घेत बसलो होतो. हे लक्षात ठेवा. त्या तळावर न पिणारे दोघंच होते — तो आणि मी.

सकाळी साहेबांनी चितळ पाडलं. नर होता, मोठा. झाडाच्या फांदीला मागच्या पायांनी टांगला. सगळे भोवती जमले, साहेबांनी मला पुढे बोलावून माझी ओळख करून दिली, हे आमचे आपटे, यांनी सुरी केली. मी मान लववली. परितोषने काम सुरू केलं आणि कातडं खरंच झरझर सुटत गेलं, एक भोक नाही. ठेकेदाराने वाहवा केली. ती वाहवा ऐकताना मी परितोषकडे बघत नव्हतो, साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो. छातीपाशी कातडं घट्ट होतं. त्याचा हात मनगटापर्यंत चरबीने आणि रक्ताने माखलेला, वर माझं ते आरशासारखं पॉलिश. त्याने जोर दिला आणि हात मुठीवरून सरळ पुढे गेला, पात्यावर.

तो हात वर धरून बघत राहिला. पहिलं बोट आणि मधलं बोट, दोन्ही आतून शिरेपर्यंत कापली होती.

त्याला जीपमध्ये घालून जवळच्या गावच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कातडी शिवली. बोटं वाकवणारे आतले दोर जोडायचं त्यांच्याकडे काही नव्हतं. ती दोन बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत. ड्राफ्ट्समनची उजव्या हाताची बोटं.

आता माझं पहिलं खोटं. जीप धुरळा उडवत गेली आणि साहेब माझ्यावर उलटले. कसली सुरी केलीस, म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते. घटकेपूर्वी ज्यांनी वाहवा केली तेच. आणि माझ्या तोंडून निघालं, "सुरी ठीक है, सर. इसकी रात की उतरी नहीं होगी."

कुणी मला शिकवलं नव्हतं. आपोआप निघालं, आणि निघाल्याबरोबर सगळ्यांना पटलं! याचा मला आजही संताप येतो. त्या रात्री कोण प्यायलं आणि कोण नाही हे सांगायच्या स्थितीत त्यांच्यातला एकही नव्हता. ज्यांना स्वतःचा पेला आठवत नव्हता ते लगेच माना डोलवू लागले — हां हां, घेतली असेल, बंगाली बाबू आहे, गातो ना तो? जणू गाणारा माणूस प्यालेलाच असतो. आणि मी सांगतोय म्हटल्यावर शंका घ्यायची कशाला? आपटे पीत नाहीत, तेव्हा आपटेंनाच नीट आठवत असणार. माझं निर्व्यसनी असणं त्या दिवशी मला असं उपयोगी पडलं.

घरी आल्यावर बायकोला, सुमनला, मी खरं सांगितलं होतं. म्हणजे अपघात सांगितला, आणि बोलता बोलता हेही की रात्री आम्ही दोघंच चहावाले होतो. साहेबांना काय बोललो ते सांगितलं नाही.

वाटलं होतं तिथेच मिटेल. पण परितोषने अर्ज दिला. लेखणी धरता येत नसली तरी दुसऱ्यांची ड्रॉइंगं तपासायचं काम करता येईल, चेकरचं. त्याला डोळे लागतात, बोटं नाही. रास्त मागणी होती. ते काम त्याच्याइतकं कुणालाच जमलं नसतं. साहेबांनी शिफारस करायची होती, आणि तेच साहेबांना नको होतं. कारण शिफारस केली की वरचे विचारणार, अपघात कुठे झाला, तुम्ही तिथे कसे, त्या ठेकेदाराच्या तळावर कसे? माणूस दारूत होता म्हटलं की कुणी काही विचारत नाही. साहेब म्हणाले, परितोषला बोलावू, समोरासमोर विचारू, तुम्ही सुरी घेऊन या.

सुरी घेऊन या!

तळावरून आल्यापासून सुरी माझ्याकडेच होती; ती घेऊन मी टूलरूममध्ये गेलो. सगळे जेवायला गेले होते. मुठीची रिबिटं काढली, लाकूड उतरवलं. पितळेच्या चिपेतून एक छोटी आडवी पट्टी कापली, मधे खाच पाडली, मुठीच्या पुढे बसवली आणि ब्रेझिंगचा डाख देऊन पक्की केली. कानशीने गोलवली. पुन्हा लाकूड, पुन्हा रिबिटं. ती पट्टी नवी दिसत होती, चकचकीत. घरी सुमन पितळेची भांडी चिंचेने घासून लख्ख करायची. मी नव्या पितळेला काजळी आणि जुनं तेल चोळून जुनं केलं. बोटाने चोळत बसलो होतो. हे काम मला नीट जमलं. आकार कुठेही मोडला नाही. मूठ उलट जास्त भरदार दिसू लागली.

पहिलं खोटं तोंडातून निसटलं असं एकवेळ म्हणाल — मी म्हणू देणार नाही, पण तुम्ही म्हणाल. हे निसटलं नव्हतं. हे मी मापाने कापलं होतं.

साहेबांच्या खोलीत परितोष उजवा हात पोटाशी धरून उभा होता. त्याला बसायला कुणी सांगितलं नाही, मीही नाही. तो म्हणाला, मी प्यायलो नव्हतो, सर. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी 'होगी' नव्हतं त्यात. "रात की उतरी नहीं थी, सर." मग साहेबांनी सुरी उचलून त्याच्यापुढे धरली आणि म्हणाले, यात तर हात अडवायला पट्टी आहे, शुद्धीतल्या माणसाचा हात सटकेलच कसा? आधी ती पट्टी नव्हती हे त्यांना आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, कोण जाणे.

परितोषने सुरी डाव्या हातात घेतली. पट्टीवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. ड्रॉइंग ऑफिसातला माणूस तो. नवा जोड त्याला ओळखू येणार नाही असं मला कसं वाटलं होतं? त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं.

"एबार ठीक होयेछे," म्हणाला. आता बरोबर झाली आहे.

साहेबांना त्यातलं 'ठीक' तेवढं कळलं. त्यांना वाटलं त्याने कबूल केलं.

परितोषची बदली बजबजच्या नदीकाठच्या गोदामात झाली. सकाळची लोकल पकडून जायचा, आलेला माल उतरवून घ्यायचा. त्याच्या शेऱ्यात काय लिहिलं होतं ते सगळ्या कारखान्याला माहीत झालं. आमच्या मंडळातसुद्धा लोक हसले — शिकारीला गेला आणि स्वतःचीच बोटं सोलून आला म्हणे. मी त्या हसण्यात नव्हतो. मूग गिळून बसलो होतो, हे त्याहून वाईट. सुमनच्याही कानावर ते गेलं.  त्या दिवाळीत परितोषच्या घरी फराळाचा डबा पाठवायचा का एवढंच तिने विचारलं, आणि मी म्हटलं, नको.

इथवर लिहिलं आणि मला कळतंय की तुम्ही आता काय कराल. तुम्ही मला समजून घ्याल. तरुण वय, परमुलूख, नोकरी, वरचा साहेब असला. त्या काळी असंच होतं, म्हणाल. मला या 'त्या काळी'ची चीड आहे. त्या काळीच परितोषही होता. त्यालाही नोकरी होती, त्यालाही साहेब तोच होता. आणि शिवाय — शिवाय अजून मी सांगितलेलंच नाही. सुरीमागे लपून इतका वेळ काढला.

परितोषच्या वडिलांना सगळे मास्टारमोशाय म्हणत. बेलगाछियाला राहायचे, आयुष्यभर शाळेत शिकवलेलं. मी त्यांच्याकडे कितीदा जेवलो होतो; माझ्यासाठी त्या मासेखाऊ घरात वेगळ्या कढईत भाजी व्हायची. ते मला इतरांपुढे अभिमानाने दाखवायचे, हा मराठा मुलगा बघा (तिकडे मराठी माणूस म्हणजे मराठाच), विडीसुद्धा ओढत नाही. मुलाची बदली झाल्यावर कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना कारण सांगितलं. परितोष घरी शपथेवर नाही म्हणाला. त्याची आई त्याच्या बाजूने होती. मास्टारमोशायांचं मन मानत नव्हतं — ना मुलगा खोटं बोलेल असं वाटत होतं, ना सगळा कारखाना खोटं बोलेल असं.

म्हणून ते माझ्याकडे आले. रविवारची सकाळ होती, डमडमपर्यंत बसने आले होते, छत्री, धुतलेलं धोतर. सुमनने चहा ठेवला आणि आत गेली. ते इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. म्हणाले, साहेब काय म्हणतो त्याच्याशी मला कर्तव्य नाही. तिथे न पिणारे तुम्ही एकटे होता असं लोक सांगतात, तेव्हा तुम्हालाच ठाऊक. मग माझा हात हातात घेतला. "आपनि बलुन। आपनि बलले आमि मेने नेबो।" तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलंत तर मी मानेन.

तिथे सरीनसाहेब नव्हते. नोकरीचा प्रश्न नव्हता. बदली होऊन गेली होती, साहेब खूश होते, माझं सगळं सुरळीत होतं. खरं बोललो असतो तर ते खोलीबाहेर गेलंही नसतं कदाचित. त्या म्हाताऱ्याला कारखान्याशी भांडायचं नव्हतं. त्याला फक्त घरी जाऊन मुलाच्या पाठीवर हात ठेवायचा होता. त्यासाठी माझ्या एका 'नाही'ची गरज होती. नाही, तो प्यायला नव्हता. एवढंच. पट्टीचंसुद्धा सांगायला नको होतं.

मी म्हणालो, "खेयेछिलो।" प्यायला होता.

का म्हणालो त्याचं कारण देऊ शकेन मी, दोन-चार देऊ शकेन. देणार नाही.

मास्टारमोशायांनी माझा हात सोडला. मग उठून दोन्ही हात जोडले आणि खरं सांगितल्याबद्दल माझे आभार मानले. माझे! मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो, छत्री मी धरली होती.

परत आलो तर सुमन कप उचलत होती. पाठमोरीच म्हणाली, "अहो, तुम्ही मला वेगळं सांगितलं होतंत." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. पण त्यानंतर मंडळात कुणी माझं कौतुक करायला लागलं की ती उठून पाणी आणायला जायची, शेवटपर्यंत.

परितोष बजबजलाच खोली घेऊन राहू लागला. वडिलांनी घराबाहेर काढलं असं नाही. त्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं, त्याच्या हातचं पाणी घेणं सोडलं, आणि त्याला ते बघवेना. पुढे त्याचं लग्न झालं, मूल झालं, तरी तो अबोला मोडला नाही. म्हातारा शब्दाचा पक्का होता. मी सांगितलं तर मानेन म्हणाला होता, त्याने मानलं.

काही वर्षांनी ते गेले. कारखान्यातून कळलं, मी नीमतलाच्या स्मशानघाटावर गेलो. जायला हवं होतं का? गेलो खरा. तिथे समजलं की मास्टारमोशाय आधीच सांगून ठेवून गेले होते, अग्नी पुतण्याने द्यायचा, दारू पिणाऱ्या हाताने नाही. आत पुतण्या तयारी करत होता. परितोष फाटकापाशी उभा होता, अनवाणी, एकुलता एक मुलगा असून आत न गेलेला. उजव्या हाताची ती दोन बोटं सरळच्या सरळ.  फाटक अरुंद होतं. तो एक पाऊल बाजूला सरला, मला वाट दिली, आणि मी आत गेलो.